धुऱ्याच्या सावलीतला बर्फ

काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या बत्तीस माणसांना गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि भाड्याचे केसाळ कोट घालून एका हिरव्यागार कुरणात नेऊन उभं केलं. बर्फ दाखवायला. कुरणात मेंढ्या चरत होत्या. त्यातली एक वानखडे सरांजवळ आली, त्यांचा कोट हुंगला आणि ओळखीचं कुणी नाही असं पाहून परत गेली.

जागेचा दोष नव्हता, म्हणून नाव सांगत नाही. बर्फ होता, पंधरा दिवसांपूर्वी. कोट घ्या, नाहीतर गारठून जाल, असा आग्रह मीच केला होता. ऊन असं की चौथ्या मिनिटाला माणसं कोट काढायला लागली, आणि मग प्रत्येकाच्या हातात एकेक अस्वल दिसायला लागलं. लोक बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. एकटे नामदेवराव मातीकडे बघत होते. नाचणगावचे कास्तकार, माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठे. ते खाली वाकले, चिमूटभर माती बोटांत चोळली आणि म्हणाले, "जमीन मस्त आहे, राजूभाऊ. पण बर्फ पुढच्या खेपेस दाखवजो."

माझा धंदा सहली नेण्याचा. नालवाडीत घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस आहे. एक टेबल, भारताचा एक नकाशा आणि टेबलामागे माझी बायको संध्या. मी वर्षातले पाच महिने बाहेर असतो, ती बाराही महिने टेबलामागे. अठरा वर्षांत ती माझ्या एकाही ट्रिपला आलेली नाही. दर वेळी तिची सीट मी धरतो. दर वेळी शेवटच्या दोन दिवसांत कुणाचे तरी साडू, कुणाची तरी विहीण अवतरते, आणि संध्याच म्हणते, "द्या त्यायले." मी देतो. हे लिहिताना बरं वाटत नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो.

बाहेरच्यांना वाटतं, ट्रिपवाला म्हणजे तिकिटं काढणारा. तिकीट आता कुणीही फोनवर काढतो. आमचं खरं काम म्हणजे खोल्यांची यादी: कोण कुणाशी बोलत नाही, कोण घोरतो, कुणाला कमोड लागतो, कुणाला चालत नाही. दुसरं काम जेवणाचं. आमच्याबरोबर महाराज असतात, म्हणजे स्वैपाकी, आणि महाराजांबरोबर इथली तुरीची डाळ असते. दहा हजार फुटांवर आमच्या माणसाला समोरची शिखरं दिसली नाहीत तर तो एकवेळ माफ करतो, पण वरण कच्चं राहिलं तर चार वर्षं लग्नाकार्यात सांगत फिरतो.

आणि तिसरं काम म्हणजे बर्फ. याचा खरा सीझन जानेवारी-फेब्रुवारी. त्या दिवसांत आमच्या माणसाचे हात कापसात अडकलेले. मग चणा, मग गहू. पाडवा होतो, वावरं रिकामी होतात, वर्ध्याचं ऊन डोक्यात जायला लागतं, आणि मग एकेक जण ऑफिसात येऊन नकाशाच्या वरच्या टोकाकडे बघत उभा राहतो. म्हणजे बर्फ परतीच्या वाटेला लागतो तेव्हा आमचं बुकिंग सुरू होतं.

अशा वेळी जागा निवडणं ही परीक्षाच. हॉटेलवाल्याला विचारा, "बर्फ है क्या?" तो म्हणणार, "है सर, फुल है." जूनमध्ये विचारा, तेच म्हणेल. फोटो मागा, जानेवारीचा पाठवेल. मी हुशार झालो आणि व्हिडिओ कॉल करायला लागलो, तर त्यानं फोन खिडकीबाहेर धरून पांढरी शिखरं दाखवली. खोटं काहीच नव्हतं. पण दिसणारा बर्फ आणि पायाला लागणारा बर्फ यांच्यात पंधरा किलोमीटर आणि एक पूर्ण डोंगर असतो, हे मला मेंढ्यांनी शिकवलं.

तर हे नामदेवराव यंदा मार्चच्या सुरुवातीला ऑफिसात आले. एका हातात काठी होती, ती आधी नव्हती.

"राजूभाऊ, जूनमंधी गुडघा बदलून राह्यले डॉक्टर," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "त्याच्या आंधी मले बर्फावर घसरायचं आहे. उभ्यानं. ते पट्ट्या बांधून घसरतात ना, तसं."

संध्यानं पाण्याचा पेला पुढं केला. "काकाजी, या वयात? आन् असा गुडघा घेऊन?"

"म्हणूनच तं. बसून घसरणं झालं माहं." मग त्यांनी सांगितलं. लहानपणी बापाबरोबर बैलगाडीनं पुलगावला जिनिंगमध्ये कापूस घेऊन जायचे. अंगणात कापसाच्या गंज्या, घराएवढ्या उंच. मोठी माणसं वजनकाट्यापाशी गुंतली की हे गंजीवर चढायचे आणि बसून खाली घसरायचे. एकदा उभ्यानं घसरायला गेले आणि अर्ध्यातच बापानं पाहिलं. "तिथूनच खाली ओढलं बुढ्यानं. तेवढं अर्धं राह्यलं आहे."

डॉक्टरला त्यांनी विचारलं होतं. डॉक्टरनं आधी नाहीच म्हटलं, मग तीन अटी घातल्या. उतार घरच्या अंगणाइतकाच, वळायचं नाही, पडायचं नाही. वर जाण्याआधी एक मुक्काम खाली. आणि ऑपरेशननंतर या गोष्टीचं नाव काढायचं नाही, कधीच. म्हणजे होईल ते याच एप्रिलमध्ये.

गव्हाची सवंगणी उरकल्याशिवाय नामदेवराव हलणार नव्हते. त्यांच्यासारखे आणखी पंचवीस-सव्वीस जण होते. बरेचसे त्याच कुरणाच्या ट्रिपचे, म्हणजे मेंढ्यांचे साक्षीदार.

त्यांच्या वतीनं वानखडे सर आले. सरांनी मला आठवीत गणित शिकवलं आहे, त्यामुळे माझ्या कुठल्याही हिशेबावर त्यांचा विश्वास नाही. ते वही घेऊनच बसले.

"राजू, मागच्या खेपेस तू आम्हाला मेंढ्या दाखवल्या. या वेळेस जागा मी ठरवतो."

मला बरंच वाटलं. फसली तर मेंढ्या सरांच्या.

सरांनी आधी औली घेतलं. उतार छान, पण मार्च सरता सरता तिथला बर्फही सरतो. फोनवरचा माणूस "थोड़ा ऊपर मिल जाएगा" म्हणाला. हे 'थोडं वर' माझ्या ओळखीचं होतं, सरांनी खोडलं. मग गुलमर्ग. तिथं एप्रिलमध्येही बर्फाची खात्री, पण तो रोपवेच्या पाळण्यात बसून गेल्यावर, अगदी वरच्या टप्प्यावर. तिथं उतार घराच्या पत्र्यासारखा आणि हवा विरळ. शिकाऊ माणसाचा सपाट उतार असतो खाली, आणि खाली तोवर गवत येऊन गेलेलं असतं. सोलंगचंही तेच.

सरांनी वहीत एक त्रिकोण काढला. वरच्या टोकाला लिहिलं 'बर्फ', खाली लिहिलं 'गुडघा'. उशिराच्या सीझनचं सगळं गणित त्या त्रिकोणात होतं. जिथं उतार सोपा, तिथला बर्फ आधी जातो. जिथं बर्फ टिकतो, तिथला उतार नामदेवरावांना चालत नाही.

"मंग राहू द्या," नामदेवराव म्हणाले. "बाकीच्यायले न्या गुलमर्गले. मी पाळण्यात बसून पाहीन." आणि काठी शोधायला लागले. काठी त्यांच्या हातातच होती.

संध्या टेबलामागून म्हणाली, "अवो, तो मेंढ्यावाला स्कीवाला? त्याचा नंबर हाय ना तुमच्यापाशी?"

होता. त्या फजितीच्या दिवशी कुरणाच्या कडेला एक तिशी-पस्तिशीचा माणूस स्कीच्या पट्ट्या दोरीनं बांधत बसला होता, नाव नोरबू. हिवाळाभर पर्यटकांना स्की शिकवायची आणि एप्रिलमध्ये मनालीपुढच्या बोगद्यापलीकडे आपल्या गावी परतायचं, असा त्याचा क्रम. त्या दिवशी मला चहा पाजणारा तो एकटाच. मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"नोरबूभाई, अप्रैल में बर्फ है क्या आपके गाँव में?"

"है जी, बहुत है."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. या शब्दांवर आता आमच्यापैकी कुणाचाच विश्वास नव्हता. तेवढ्यात नामदेवरावांनी फोन स्वतःकडे ओढला.

"भाई, मैं नामदेव बोलता, वर्धा से. खेती करता मैं. तुम्हारे उधर बुवाई कब है?"

पलीकडचा आवाजच बदलला. गिऱ्हाइकाशी बोलणारा नोरबू गेला आणि दुसराच कुणीतरी फोनवर आला.

"कहाँ की बुवाई जी! खेत में कमर तक पड़ा है अभी. मटर लेट हो रहा है. माताजी रोज़ मिट्टी डाल रही है ऊपर."

"मिट्टी? बरफ पर?"

"हाँ जी, काली मिट्टी. धूप पकड़ती है ना, जल्दी गलता है. नहीं तो मई तक बैठे रहो."

नामदेवरावांनी फोनवर हात ठेवला. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू कुणी आपल्याच गावचं भेटलं. "भाऊ, हेच गाव. ह्यायले बर्फ नको आहे. ज्याले नको आहे तो काऊन खोटं बोलन?"

अठरा वर्षांच्या धंद्यात मला हा प्रश्न सुचला नव्हता. बर्फ विकणाऱ्याला मी बर्फाबद्दल विचारत होतो.

मग दोघांचं जे चाललं ते मी आणि सर नुसतं ऐकत होतो. वावर कोणत्या अंगाला? मागं डोंगर आहे का? ऊन कितीला येतं? आपल्याकडे वावराच्या बांधाला धुरा म्हणतात, आणि धुऱ्याच्या उत्तरेला सावलीत ओल जास्त दिवस टिकते, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. नोरबूच्या आईचं एक वावर तसंच होतं. घरामागं, डोंगराच्या सावलीत, गावात सगळ्यात शेवटी मोकळं होणारं. उतार किती, तर पाणी द्यायला लागतो तेवढा. नामदेवरावांनी सरांच्या वहीकडे बोट केलं. सरांनी त्रिकोणाशेजारी एक सपाट रेघ ओढली.

ठरलं असं: त्या वावरातला एक पट्टा आम्ही येईपर्यंत मातीविना ठेवायचा. नोरबूनं आईला विचारलं, आणि आईचा निरोप आला. तुम्ही येता त्या रविवारपर्यंत ठेवते. सोमवारी माती पडणार.

आम्ही शनिवारी पोचणार होतो. संध्याची सीट या वेळी पक्की होती. निघायच्या तीन दिवस आधी सर म्हणाले, "राजू, आमच्या सौभाग्यवती पण येतो म्हणतात." संध्यानं यादीतलं स्वतःचं नाव खोडलं आणि मला म्हणाली, "जा तुमी. इथं फोन कोन उचलन?" मी यादी दुरुस्त केली.

शुक्रवारी मनालीच्या अलीकडे दरड आली. बस थांबली ती थांबलीच. त्या दोन रात्री जवळच्या एका धर्मशाळेत मुक्काम केला, आणि रस्ता रविवारी दुपारी सुटला. मनालीला पोचेपर्यंत दिवस संपणार, आणि डॉक्टरची एका मुक्कामाची अट मोडायची नव्हती. म्हणजे बोगद्यापलीकडे जाणार सोमवारी.

मी नोरबूला फोन केला. म्हटलं, एक दिवस थांबवा माताजींना. आमच्यासोबत एक आजारी माणूस आहे, त्याची शेवटची इच्छा आहे. माझ्या तोंडून काय काय निघालं याची आज लाज वाटते.

नोरबू आईशी बोलून आला. "माताजी बोलती है, सूरज आपके लिए नहीं रुकेगा. एक दिन गया तो गया."

नामदेवराव शेजारच्याच सीटवर होते. "राजूभाऊ, शेवटची इच्छा कोनाची? मी का मरून राह्यलो?" त्यांनी फोन मागितला, पण लगेच कानाला लावला नाही. "बाईचं बरोबर आहे. आपल्या इथं मृगाचा पाऊस पडला आन् कोनी म्हटलं, उद्या पेरजो, आमाले आज तुह्या वावरात खेळायचं आहे, तं मी काय म्हनलो असतो?"

मी मनातल्या मनात पाळण्याची तिकिटं मोजत होतो.

मग नामदेवराव फोनवर बोलले. "नोरबूभाई, माताजी को बोलना, हम फुकट में नहीं माँगते. कल सबेरे आते. एक घंटा हमको दो. फिर हम अट्ठाईस आदमी उनकी मिट्टी डाल देते. उनका एक दिन हम भर देते."

नोरबूला आधी कळलं नाही. बसमधल्यांना मात्र लगेच कळलं. तुझ्या वावरात मी एक दिवस, माझ्या वावरात तू एक दिवस, हे आमच्याकडे अजून चालतं. मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे सुट्टीतबी वावरातच!" आणि सगळी बस हसली. नोरबूचा फोन पाच मिनिटांनी आला. माताजी हो म्हणाल्या होत्या. आणि विचारत होत्या, टोपल्या आणल्यात का.

सोमवारी सकाळी नऊला आम्ही त्या वावरात होतो. उशिराच्या बर्फाची वेळ मोजून असते. फार सकाळी गेलात तर तो काचेसारखा कडक, अकरानंतर गेलात तर भिजलेल्या कापसासारखा. मधले दोन तास तेवढे कामाचे. पट्टा तीसेक पावलांचा. दोन्ही बाजूंना माती टाकून काळपट झालेला बर्फ, मध्ये पांढरा रस्ता. एका कडेला नोरबूची आई उभी होती, लहानखुरी, पाठीला टोपली. आमच्याकडे बघून हसली नाही. आधी सूर्याकडे बघितलं.

प्रात्यक्षिकाची हौस मला. पट्ट्या बांधल्या, दोन पावलं टाकली आणि बसलो. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा माताजी पहिल्यांदा हसल्या.

नामदेवरावांना नोरबूनं दंडाला धरून उभं केलं. पहिल्या खेपेस तो शेजारून चालत होता. दुसऱ्या खेपेस एका बोटानं धरून. तिसऱ्या खेपेस नामदेवरावांनी त्याचा हात बाजूला केला. सर माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी माझं मनगट पकडलं. मी डोळे मिटणार होतो, पण ट्रिपवाल्यानं डोळे मिटून चालत नाही. ते सरळ आले. गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही हात वखर धरल्यासारखे पुढे, मान ताठ. वेग फार नव्हता, माणूस घाईत चालतो तेवढाच असेल. शेवटी उतार संपला आणि ते आपोआप थांबले. टाळ्या वाजल्या. त्यांनी मागं वळून, आलेल्या वाटेवर नजर टाकली आणि म्हणाले, "झालं."

"आणखी एकदा?" नोरबूनं विचारलं.

"नाई. घंटा झाला."

मग आम्ही बर्फावर माती टाकली. दोन हजार किलोमीटर दुरून बर्फ बघायला आलेली माणसं रांगेनं उभी राहून तो वितळवायला लागली. सरांनी टोपली एका जागी ओतली तर माताजी धावत आल्या आणि त्यांच्या भाषेत ओरडल्या. शब्द एकही कळला नाही, पण आठवीच्या वर्गात सर जसे ओरडायचे तसंच होतं. जाड थर पडला तर खालचा बर्फ झाकला जातो आणि उलट टिकतो, हे नोरबूनं मागून सांगितलं. माताजींनी मूठभर माती घेऊन पातळ फेकून दाखवली. नामदेवरावांनी एकदा बघितलं आणि तशीच फेकली. शेणखत पसरवताना मनगट फिरवतात तसंच. माताजींनी आपली टोपली त्यांच्या हातात दिली आणि स्वतः चहा करायला गेल्या. अकराच्या आत पट्टा काळा झाला. पुढच्या आठवड्यात नोरबूचा फोन आला की वावर उघडं पडलं.

जूनमध्ये नामदेवरावांचं ऑपरेशन झालं. आता काठीशिवाय येतात, ऑफिसात बसतात आणि नव्या गिऱ्हाइकांना सांगतात की बर्फाची चौकशी कशी करायची. माझं निम्मं काम तेच करतात.

त्या ट्रिपहून परतलो त्या दिवशी मी संध्याला सगळं सांगितलं. दरड, फोन, तीस पावलं, टोपल्या. सांगताना मी जरा रंगात आलो होतो, हात करून माती कशी फेकायची ते दाखवत होतो. ती खोल्यांच्या याद्या फाइलला लावत होती. माझं संपल्यावर तिनं फाइल मिटली.

"पहिल्यांदा बर्फ नव्हता तिथं नेलं लोकायले," ती म्हणाली. "या खेपेस होता, तं तोबी वितळवून आले. मले दाखवाले काई ठेवलं का नाई?"